दोन्हीसाठी घेतलेला लॅपटॉप

सिमरोल,
गुरुवार, दुपार

प्रिय बाबा,

कागदावर लिहितेय, कारण फोनवर तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषय संपवता, आणि व्हॉट्सॲपवर एवढं लांब पाठवलं तर तुम्हाला चष्मा सापडेपर्यंत आईच सगळं वाचून मोकळी होईल. कागद मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचता. सिंचन विभागात पस्तीस वर्षं आलेला एकेक अर्ज तुम्ही पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत वाचलात, हे तुमचे जुने साहेबसुद्धा सांगतात. हाही तसाच वाचा. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, मध्येमध्ये हिंदी घुसेल, त्याखाली लाल रेघ मारायची असेल तर खुशाल मारा. पण हा अर्ज नाही. यात मी काही मागत नाहीये.

आधी खुशाली. खोली चांगली आहे. खाली मारुतीजी पाटीदारांचं घर, वर माझी एक खोली, आणि खिडकीतून सोयाबीनचं शेत दिसतं. मारुतीजींच्या बायकोनं, लक्ष्मीजींनी, पहिल्या आठवड्यात दोनदा जिना चढून विचारलं, "बेटी, ऊपर चक्की चलाती हो क्या?" लॅपटॉपचा पंखा होता तो. मोठं काम चालू असलं की तो असाच घरघरतो, आणि मी खेळत असले तरीही. मी त्यांना दोन्ही सांगितलं, कामही आणि खेळही. त्यांनी मान हलवली, "हाँ तो ठीक है" म्हणाल्या आणि भेंडीची भाजी ठेवून गेल्या. त्यांना सांगायला मला अर्धं मिनिट लागलं, आणि तुम्हाला सांगायला तीन वर्षं लागली, बाबा. म्हणून तिथूनच सुरू करते.

तीन वर्षांपूर्वी ऑफिसनं सगळ्यांना आपापला लॅपटॉप आणायला सांगितला, तेव्हा तुम्ही माझ्याबरोबर जेल रोडच्या दुकानात आला होतात. दुकानदार म्हणाला होता, "अंकल, ये गेमिंग वाला है, बच्चे लेते हैं." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी घाईघाईनं सांगितलं की न बांधलेल्या इमारती पडद्यावर उभ्या करायच्या, त्यांच्या भिंतींवर ऊन पाडायचं, तर असंच ग्राफिक्स कार्ड लागतं. ते खरं होतं. साध्या मशीनवर एक चित्र तयार व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात यावर दहा होतात. पण ते अर्धंच खरं होतं. तुम्ही विचारलंत, मग एवढा पातळच कशाला, जाड स्वस्तात मिळतोय. मी म्हणाले, स्कूटीवर विजयनगरच्या ऑफिसपर्यंत न्यायचा, साइटवर न्यायचा, खांदा भरून येतो. तेही खरं. पण मी तो पातळ, काळा, सरळ दिसणारा निवडला, कारण मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला तर कोणाला कळू नये की हा खेळायचाही आहे. दसऱ्याला तुम्ही त्याला हळद-कुंकू वाहिलंत, आणि कीबोर्डचे लाल-निळे दिवे बघून म्हणालात, "हे बंद होत नाहीत का?" मी त्याच दिवशी ते पांढरे करून टाकले. तेव्हा मला वाटलं, मी तुमचं मन राखलं. आता वाटतं, मी चोरासारखी वागत होते, आणि तेही माझ्याच पगारातून घेतलेल्या वस्तूबद्दल.

तर ऐका. मी रोज जेवणानंतर तासभर खेळते, रविवारी जास्त. आम्ही चौघी आहोत, आपापल्या घरून इंटरनेटवर एकत्र खेळतो. जबलपूरची पद्मजा, नर्स आहे. देवासची प्रियंका, तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. चौथी भोपाळची, तिच्या सासरी अजून माहीत नाही म्हणून तिचं नाव लिहीत नाही. खेळात एक रिकामं पडलेलं शहर आहे, त्यात अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं, आणि दुसऱ्या टोळ्या आपल्यावर चालून येतात. हो, त्यात गोळीबार आहे. मी कॅप्टन आहे. मी सांगते तेव्हा त्या पुढे जातात आणि मी सांगते तेव्हा थांबतात. तुम्ही एकदा दाराबाहेरून विचारलं होतंत, कोणाशी एवढ्या जोरात बोलतेयस, आणि मी म्हणाले होते, ऑफिसची मीटिंग. आणि गेल्या वर्षी खजराण्याच्या देवळात नवस फेडायला आलेली ती उंच मुलगी, जिला मी कॉलेजची मैत्रीण म्हणून घरी जेवायला आणलं, तीच पद्मजा. आईनं तिला पुरणपोळीचा डबा दिला होता. पद्मजाला मी त्याआधी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, फक्त दोन वर्षं रोज ऐकलं होतं.

आता ऑफिसात काय झालं ते. तुम्हाला मी त्या संध्याकाळी तुकड्यातुकड्यांत सांगितलं, तुम्ही मध्येच रागावलात, मीही आवाज चढवला, त्यामुळे सलग असं तुम्ही कधी ऐकलंच नाहीत. एका टाउनशिपचं सादरीकरण होतं. मोठ्या स्क्रीनला माझा लॅपटॉप जोडलेला, समोर क्लायंट, त्यांची दोन माणसं, आणि आमचे विपुल सर. मी त्यांना न बांधलेल्या बागेतून चालवत तरणतलावापर्यंत नेलं, आणि नेमकी तिथं, पाण्यावर, मेसेजची पट्टी उघडली. पद्मजाचा मेसेज होता: "कॅप्टन, आज आठ बजे. लेट हुई तो गोली मार देंगे." सगळे हसले. क्लायंटनं विचारलं, कौनसा गेम है, मेरी बेटी भी खेलती है. विपुल सरही हसले. मी माफी मागितली, पट्टी बंद केली, पुढे गेले. ती चूक माझी होती, बाबा. मेसेज बंद करून बसायला हवं होतं. त्याबद्दल मी तिथंच माफी मागितली, आणि कोणी लिहून मागितली असती तर लिहूनही दिली असती.

पुढच्या आठवड्यात त्या क्लायंटनं काम पुढे ढकललं. त्यांच्या जमिनीच्या कागदांची काही अडचण होती, आमच्याशी संबंध नव्हता. पण आमचं कामही दहा दिवस मागे होतं, आणि ते का, हे ऑफिसात प्रत्येकाला ठाऊक होतं. विपुल सरांनी इमारतींचा दर्शनी भाग चार वेळा बदलायला लावला होता. दर वेळी सगळी चित्रं नव्यानं करायची. मालकांनी उशिराचं कारण विचारलं तेव्हा सरांच्या डोक्यात ती पाण्यावरची पट्टी आली असणार. मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा कागद छापून तयार होता. त्यात लिहिलं होतं की मी ऑफिसच्या वेळात गेम खेळत होते, त्यामुळे प्रोजेक्टला उशीर झाला, मी माझ्या लॅपटॉपवरचे सगळे गेम काढून टाकीन, आणि दर महिन्याला कंपनीला तो तपासू देईन. माझा लॅपटॉप.

मी त्यांना गेमचीच नोंद उघडून दाखवली. कुठल्या दिवशी, किती वाजता, किती वेळ, सगळं त्यात असतं. एकही नोंद ऑफिसच्या वेळातली नव्हती. त्यांनी त्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "मैडम, बात घंटों की नहीं है. साइन कर दो, बात खतम." मी म्हणाले, "जो किया नहीं, वो कैसे लिख दूँ?" मग ते थोडं नरमाईनं बोलले, समजावल्यासारखं. या वयात मुली घर-संसाराचं बघतात, गोलीबारी कोण खेळतं, लोक काय म्हणतील, वगैरे. बाबा, त्याच केबिनबाहेरच्या मोठ्या स्क्रीनवर सामन्याच्या दिवशी दुपारी क्रिकेट लागतं, समोसे मागवून सगळे बघतात, आणि विपुल सर सगळ्यात पुढच्या खुर्चीवर असतात. त्याला तिथं टीम-स्पिरिट म्हणतात. मी कागद तसाच टेबलावर ठेवला आणि उठले. त्यांनी दोन दिवस दिले.

घरी तुम्ही म्हणालात, "सही करायला काय जातं, क्षिती? कागद फाइलीत जातो, माणूस नोकरीत राहतो." मी चिडले, ताटावरून उठले, आणि दोन दिवसांनी सहीऐवजी राजीनामा देऊन आले. मी घर सोडेपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मग सोनलनं बोलावलं म्हणून मी इकडे आले. सोनल माझ्याबरोबर डिप्लोमाला होती. इथल्या इंजिनीअरिंग संस्थेच्या कॅम्पसजवळ तिनं दोन टेबलांचं छोटं ऑफिस थाटलंय, आणि तिसरं टेबल आता माझं आहे. काम अजून थोडंच आहे. आम्ही एका प्राध्यापकांसाठी जुन्या विहिरींची मॉडेलं करतोय, पायऱ्या उतरून खाली जाता येईल अशी.

इथं एक गोष्ट मुद्दाम लिहिते. गेम खेळत होते म्हणून हे काम मिळालं, त्यातनंच मी शिकले, असं लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. शेजारच्यांनाही सांगता आलं असतं. पण तसं काही झालेलं नाही. काम मिळालं ते मला काम येतं म्हणून. खेळानं माझं डोकं तल्लख झालं, हात चपळ झाले, असलं काही मी सांगणार नाही, कारण मग पुन्हा तेच होईल, खेळाला कामाचं कुंकू लावून घरात घ्यायचं. मी खेळते, कारण मला आवडतं. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंतींचे रंग बदलून झाले की तो एक तास माझा असतो. त्यात मी चुकले तर मी चुकते, जिंकले तर आम्ही चौघी जिंकतो. त्याचा कोणाला काही उपयोग नाही. नसू दे. एकतीस वर्षांच्या, स्वतःचं पोट भरणाऱ्या बाईनं दिवसातला एक तास बिनउपयोगाचा घालवला तर त्याचा हिशेब ती कोणाला देणार नाही. ना विपुल सरांना, ना तुम्हाला. हे तोंडावर बोलायची हिंमत झाली नसती, म्हणून लिहिलं.

मी बॅग भरत होते तेव्हा आई कपड्यांच्या घड्या करायला बसली, आणि तिनं मला ती गोष्ट सांगितली. तुम्ही रागावू नका तिच्यावर. मी पाच वर्षांची असताना तुमच्या ऑफिसात कालव्याच्या मोजमापाच्या वहीतलं एक पान गायब झालं होतं. ते कोणी फाडलं हे तुम्हाला माहीत होतं आणि साहेबांनाही. तरी सही तुमच्याकडून घेतली, की "पान माझ्या हलगर्जीपणामुळे हरवलं." सहा वर्षं बढती अडली. आई म्हणाली, त्या संध्याकाळी तुम्ही घरी येताना सगळ्यांसाठी कचोऱ्या आणल्या होत्यात आणि खूप बोलत होतात. बाबा, मला ती संध्याकाळ आठवते. मला दोन मिळाल्या होत्या. मला वाटलं होतं, बाबांना काहीतरी बक्षीस मिळालंय.

मी त्या सहीला नावं ठेवत नाही. घरात मी होते, आजारी आजोबा होते, भाड्याचं घर होतं. त्या सहीमुळे पगार चालू राहिला आणि त्याच पगारावर माझी शाळा झाली, हे मला कळतं. तुमच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. पण तुमच्या जागी मी नाही. माझ्या मागे कोणी उपाशी राहणार नाहीये. मला "नाही" म्हणता येतं, आणि ते तुम्ही तेव्हा निभावून नेलंत म्हणूनच येतं. मग ते म्हणायचंच नाही, तर तुम्ही सहा वर्षं कशासाठी काढलीत? तुम्हाला वाटतं, मी तुमचं ऐकलं नाही. मला वाटतं, तुम्ही जे बोलू शकला नाहीत ते मी बोलले. यातलं कुठलं बरोबर, ते तुम्ही ठरवा. मी माझ्यापुरतं ठरवलंय.

आता हे पत्र आजच का लिहितेय, ते सांगते. मंगळवारी ऑफिसातून मधुरिमाचा फोन आला. ती तिथं भरतीचं आणि सुट्ट्यांचं बघते. खूश होऊन म्हणाली, तुझं माफीपत्र पोचलं, सरांनी मान्य केलं, सोमवारपासून ये. मी म्हणाले, कुठलं माफीपत्र? तिनं फोटो पाठवला. छापलेल्या मजकुराखाली सही होती, "क्षितिजा", देवनागरीत. मी अकरावीपासून इंग्रजीत सही करते. आणि क्षची गाठ अशी खालून वर नेऊन बांधणारा माणूस मला एकच माहीत आहे, माझा हात धरून त्यानंच मला ते अक्षर शिकवलं. मधुरिमानं बाकीचंही सांगितलं. अंकलजी दोन बस बदलून आले, दीड तास बाहेर बाकावर बसले, आणि विपुल सर शेजारून गेले तेव्हा उठून उभे राहिले. ते ऐकल्यावर मला तुमचा राग आलाच नाही. मी जिन्यात बसून रडले. विपुल सर माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत, बाबा. तुम्ही त्यांच्यासाठी उठलात. मला वाचवायला गेलात हे मला समजतं, पण मी बुडत नव्हते. काल सकाळी मी खंडवा रोडनं स्कूटी काढली आणि सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हणाले, हा कागद मला परत द्या. त्यांनी विचारलं, "क्यों, ये साइन आपका नहीं है क्या?" तेव्हा मी खरं बोलले असते, तर तुम्ही काय केलंत हे त्या माणसाला कळलं असतं. मी म्हणाले, "नाम मेरा है, बात मेरी नहीं है. वापस ले रही हूँ." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला, म्हणाले, अब दुबारा मत आना. मी म्हणाले, आनेवाली भी नहीं थी. तो कागद या पाकिटात घातलाय. तो फाडायचा की ठेवायचा, तुमचं तुम्ही बघा. मात्र यापुढे माझ्या नावाची सही मीच करीन, आणि माझ्यासाठी कोणाच्या दारात बसून राहू नका. बसायचंच असेल तर रविवारी इकडे या, आईला घेऊन. चार वाजता आमचा सामना असतो. तेव्हा आलात तर मी जागची उठणार नाही, चहा लक्ष्मीजी देतील. माझ्या टेबलाशेजारी दोन खुर्च्या मांडून ठेवते.

तुमचीच, पण सही माझी,
क्षितिजा